ओरडतो एक, अडवतो दुसरा

एका मुलीने अख्खा दिवस आपला निर्दोष कोड दुरुस्त करण्यात घालवला. हे पुस्तक लिहायचं माझ्या मनाने घेतलं ते त्या संध्याकाळी.

मुलगी परभणीची, हैदराबादेत माधापूरच्या एका ऑफिसात नोकरीला लागून चार महिने झालेली. तिच्या प्रोग्रामला ऑर्डरच्या टेबलातली एक ओळ बदलायची होती. बटण दाबलं की पडद्यावर काहीच घडत नसे. पन्नास सेकंद गेले की मायएसक्यूएल सांगे : चूक क्रमांक १२०५, लॉकसाठी थांबण्याची मुदत संपली, ट्रान्झॅक्शन पुन्हा करून पाहा. तिने पुन्हा करून पाहिलं, किती वेळा ते तिलाही आठवत नव्हतं. मग क्वेरी बदलली. लूपचे तुकडे केले. इंडेक्स नसेल म्हणून एक इंडेक्स टाकायला गेली, तर तेही काम लटकलं. दुपारी चार वाजता ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "ताई, माझंच काहीतरी चुकतंय."

मी तिचा कोड उघडलाच नाही. कोण कोणासाठी थांबलंय, याची यादी डेटाबेस स्वतः ठेवतो, ती उघडली. तिचं सेशन थांबलेलं होतं आणि त्याच्यासमोर अडवणाऱ्या सेशनचा क्रमांक होता. त्या सेशनची अवस्था : निद्रिस्त. ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ : सकाळी ११ वाजून ४० मिनिटं. चार तासांहून जास्त वेळ ते सेशन काहीही न करता लॉक धरून बसलं होतं. क्रमांकावरून मशीन सापडलं, मशीनवरून माणूस. दोन खुर्च्या पलीकडचा सहकारी. त्याने सकाळी डेटाबेसच्या टूलमध्ये बारा ओळी दुरुस्त केल्या होत्या, सिलेक्ट मारून बदल झाल्याची खात्री केली होती, आणि खिडकी खाली सारून मीटिंगला गेला होता. त्याच्या टूलमध्ये ऑटो-कमिट बंद होतं. कमिट त्याने केलं नव्हतं, कारण करावं लागतं हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

ते सेशन मारलं. मुलीचं बटण डोळ्याचं पातं लवायच्या आत चाललं, लटकलेला इंडेक्सही तयार झाला. आणि त्या मुलाच्या बारा ओळी सकाळी होत्या तशा झाल्या. "पण मी तर बदल पाहिला होता," तो म्हणाला. खरंच पाहिला होता. ट्रान्झॅक्शन स्वतःचे बदल स्वतःला दाखवतं. इतरांना ते कमिटनंतरच दिसतात.

मला या पुस्तकात सांगायचं आहे ते एवढंच. ट्रान्झॅक्शनची चूक जिथे दिसते तिथे ती क्वचितच झालेली असते. साधी व्याकरणाची चूक असेल तर कंपायलर ओळ दाखवतो आणि चूक त्या ओळीत किंवा तिच्या आसपास सापडते. ट्रान्झॅक्शनच्या चुकीत मात्र दुसरा पक्ष असतो, आणि आधी घडून गेलेलं काहीतरी असतं. संदेश येतो तो ज्याला सोसावं लागलं त्याला. ज्याने अडवलं तो गप्प असतो, पुष्कळदा त्याला पत्ताही नसतो. हे एकदा पक्कं समजलं की शोध घ्यायची दिशाच बदलते. आपल्या कोडकडे बघण्याआधी माणूस विचारू लागतो : या क्षणी इथे आणखी कोण आहे?

आधी शब्दांबद्दल. ट्रान्झॅक्शनला मराठीत 'व्यवहार' म्हणतात आणि बँकेच्या पासबुकापुरतं ते चांगलं चालतं. पण व्यवहार हा आपल्याकडे फार मोठा शब्द आहे. घर विकण्यापासून सोयरिकीपर्यंत सगळा व्यवहारच, आणि माणूस व्यवहारी असतो तो वेगळाच. म्हणून या पुस्तकात मी ट्रान्झॅक्शन, लॉक, कमिट, रोलबॅक हे शब्द तसेच ठेवले आहेत. ऑफिसात तेच कानावर पडतात आणि पडद्यावरही तेच दिसतात. स्पष्टीकरण मात्र मराठीत. हैदराबादला हा प्रश्न नवा नाही. १९१८ साली इथे उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं ते उर्दू माध्यमातून. त्याच्या आदल्याच वर्षी पाठ्यपुस्तकं उर्दूत आणण्यासाठी भाषांतराचं स्वतंत्र खातं उभं राहिलं होतं, आणि पुढे वैद्यक, अभियांत्रिकीसुद्धा त्याच भाषेतून शिकवली गेली. १९५६पर्यंत मराठवाडा याच हैदराबाद राज्यात होता. इथल्या मराठी मंडळींनी १९०७ साली विवेक वर्धिनी काढली, ती आजही जांबागेत उभी आहे. आपल्या भाषेत अवघड विषय शिकता येतो, हे या शहराने पाहिलेलं आहे. मग डेटाबेसचाच अपवाद का करायचा?

ट्रान्झॅक्शन म्हणजे काय, हे मला पुस्तकांतून कळलं त्याच्या कितीतरी आधी आजोबांच्या दुकानात कळलं होतं. फक्त त्याला हे नाव आहे, हे ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे दोन चोपड्या असत. एक रोजकीर्द, दुसरी खतावणी. जे घडेल ते आधी कीर्दीत, घडलं त्याच क्रमाने. खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर नंतर, सवडीने. कीर्दीत नोंद पडल्याशिवाय खतावणीला हात लावायचा नाही, हा नियम ते कोणासाठीही मोडत नसत. खतावणी भिजली, फाटली, तरी कीर्दीवरून पुन्हा उभी करता येते. कीर्दच नसेल तर काहीच उभं राहत नाही.

आजचे जवळजवळ सगळे गंभीर डेटाबेस नेमकं हेच करतात. बदल आधी लॉगमध्ये, लॉग डिस्कवर पक्का झाल्यावर कमिटचा शब्द द्यायचा, आणि मूळ टेबलाची पानं नंतर सवडीने लिहायची. मधेच वीज गेली तर मशीन पुन्हा सुरू होताना लॉग वाचून हिशेब जुळवला जातो. या जुळवणीची आज सर्वांत जास्त अनुसरली जाणारी पद्धत १९९२ साली प्रसिद्ध झाली, तिचं नाव एरिज. आयबीएममधल्या पाच संशोधकांच्या त्या निबंधावर पहिलं नाव आहे सी. मोहन यांचं, आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले. एरिज लॉगवरून तीनदा फिरते. पहिल्यांदा काय काय अर्धवट होतं ते पाहते. दुसऱ्यांदा जे जे घडलं ते सगळं, अर्धवट राहिलेलंसुद्धा, पुन्हा घडवते. तिसऱ्यांदा अर्धवट राहिलेलं उलटवते. आणि उलटवताना प्रत्येक पावलाची नवी नोंद लॉगमध्ये करते. आजोबा खाडाखोड करू देत नसत. चुकीची रक्कम पडली तर खाली उलटी नोंद करायची, म्हणजे काय चुकलं आणि ते कसं फिरवलं, दोन्ही कागदावर राहतं. मोहन यांचा निबंध वाचताना मला आजोबांचं अक्षर डोळ्यांपुढे दिसत होतं.

यातून एक गोष्ट लगेच हाती लागते. रोलबॅक हे काम आहे, खोडरबर नव्हे. चाळीस मिनिटं चाललेलं अपडेट रद्द केलं तर ते उलटवायलाही वेळ लागतो, कधी मूळ कामाहून जास्त. लोक धीर सोडून सर्व्हरच बंद करतात, आणि चालू केल्यावर डेटाबेस तेच उरलेलं उलटवण्याचं काम पुन्हा हातात घेतो. अशा वेळी थांबणं हीच दुरुस्ती असते, आणि ती करायला सर्वांत जास्त हिंमत लागते.

ट्रान्झॅक्शनची कल्पना नीट मांडून तिच्या मर्यादाही सांगणारा निबंध जिम ग्रे यांनी १९८१ साली लिहिला. १९८३मध्ये थिओ हेर्डर आणि आंद्रेयास रॉयटर यांनी तिच्या चार गुणांना मिळून 'ॲसिड' हे नाव दिलं. त्या चार गुणांची व्याख्या परीक्षेसाठी सगळ्यांना पाठ असते. अडचण येते ती तिसऱ्या गुणाशी, एकमेकांपासूनच्या अलिप्ततेशी. ज्याने नांदेड जिल्ह्यातली माळेगावची यात्रा पाहिली आहे, त्याला ती समजवायला फार शब्द लागू नयेत. तिथे जनावरांच्या बाजारात दोघं जण उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव करतात. भोवती दहा माणसं उभी असतात, पण आकडा कुणालाही दिसत नाही. सौदा ठरला की उपरणं निघतं आणि मग सगळ्यांना कळतं. मोडला तर मधे किती आकडे आले-गेले याचा मागमूस राहत नाही. पण तोवर ते जनावर दुसऱ्या कुणाला मागता येत नाही. उपरणं टाकून तसंच निघून गेलेला माणूस म्हणजे ती सकाळी ११ वाजून ४० मिनिटांची खिडकी.

हैदराबादचा या विषयाशी संबंध आयटी कंपन्यांपुरता नाही. मासब टँकजवळ आयडीआरबीटी ही संस्था आहे, बँकांच्या तंत्रज्ञानासाठी रिझर्व्ह बँकेने १९९६ साली स्थापन केलेली. एका बँकेचं कार्ड दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये चालावं म्हणून देशभरचं जे स्विच लागतं, ते नॅशनल फायनान्शियल स्विच, २००४ साली या संस्थेने सुरू केलं आणि डिसेंबर २००९पर्यंत तिनेच चालवलं. मग ते नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे एनपीसीआयकडे गेलं. म्हणजे पाचेक वर्षं या देशातल्या 'खात्यातून पैसे गेले पण मशीनमधून नोटा आल्या नाहीत' या तक्रारीचं एक टोक हैदराबादेत होतं.

ही तक्रार मी वर्गात नेहमी फोडून दाखवते, कारण तिच्यात सगळं आहे. मी लातूरला एका बँकेच्या एटीएमसमोर उभी आहे, कार्ड दुसऱ्या बँकेचं. मशीन आपल्या बँकेला विचारतं, ती स्विचला, स्विच माझ्या बँकेला. माझी बँक खात्यातून रक्कम वजा करते, कमिट करते आणि 'द्या' असं कळवते. आता तो निरोप त्याच वाटेने परत यायचा आहे. वाटेत लाइन गेली. मशीन ठरलेला वेळ थांबतं आणि नोटा न देता पावती काढतं. माझ्या बँकेच्या दृष्टीने काम पूर्ण झालं. मशीनच्या दृष्टीने झालंच नाही. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतायत. मी मात्र ओरडते समोरच्या मशीनवर, जिच्या दारात उभी आहे त्या बँकेवर.

याला एका डेटाबेसचं रोलबॅक पुरत नाही, कारण माझ्या बँकेत कमिट होऊन गेलेलं आहे. तिथे उलटा निरोप पाठवून उलटी नोंदच करावी लागते. आणि तो उलटा निरोपही हरवू शकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या याद्या एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ला यासाठी मुदत घालून दिली : एटीएमच्या अशा प्रकरणात पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत जमा व्हायला हवी, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. मला हे परिपत्रक फार महत्त्वाचं वाटतं. ट्रान्झॅक्शन अर्धवट राहू शकतं हे त्यात गृहीत धरलं आहे, आणि ते पूर्ण करण्याची जबाबदारी ओरडणाऱ्यावर टाकलेली नाही.

नोटा आधी देऊन खातं नंतर का वजा करत नाहीत, असं मुलं विचारतात. कारण हातात पडलेली नोट मागे घेता येत नाही. ग्रे आणि रॉयटर यांनी आपल्या ग्रंथात अशा कृतींचा वेगळा वर्ग केला आहे : ज्या जगात घडतात आणि उलटवता येत नाहीत, जसं पत्र्याला भोक पाडणं. त्या शक्य तितक्या शेवटी करायच्या. आपल्या रोजच्या कोडमध्येही अशा कृती असतात. ईमेल पाठवणं, एसएमएस पाठवणं, दुसऱ्या कंपनीच्या सेवेला पैसे कापायला सांगणं. त्या ट्रान्झॅक्शनच्या पोटात घातल्या आणि पुढे रोलबॅक झालं, तर ग्राहकाच्या हाती 'ऑर्डर मिळाली' असा निरोप राहतो आणि टेबलात ऑर्डर नसते. शिवाय समोरच्या सेवेने उत्तर द्यायला तीस सेकंद घेतले, तर ते तीस सेकंद आपले लॉक धरलेलेच राहतात, आणि ओरडतो कोणी तिसराच.

एटीएमच्या याच प्रसंगातून आणखी एक गोष्ट घ्यायची. मुदत संपली म्हणजे काम झालं नाही, असं नव्हे. आपल्याला कळलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. जो कोड टाइमआउट आला की डोळे झाकून पुन्हा तेच करतो, तो एक दिवस दोनदा पैसे कापतो. प्रत्येक मागणीला स्वतःचा क्रमांक द्यावा, तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर काम पुन्हा न करता पहिलंच उत्तर द्यावं. यूपीआयपासून साध्या ऑर्डरपर्यंत याला दुसरा पर्याय मला माहीत नाही.

सिकंदराबादचाही उल्लेख करायला हवा. रेल्वेची आरक्षण केंद्रं एकमेकांना जोडणारी कॉन्सर्ट ही प्रणाली १९९४ साली पहिल्यांदा सिकंदराबादला सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रं जोडून पूर्ण व्हायला १९९९ उजाडलं. एकच बर्थ, दोन शहरांतल्या दोन खिडक्या, दोघांनी एकाच क्षणी मागितलेला. एकाला मिळणार आणि दुसऱ्याला नाही म्हणावं लागणार. त्या नकाराला चूक म्हणायचं का? मी म्हणत नाही. दोघांनाही तोच बर्थ दिला असता तर ती चूक. इथे डेटाबेसने आपला शब्द पाळलेला असतो.

डेडलॉकचा संदेश मी याच नजरेने वाचते. दोन कारकून आहेत, दोन चोपड्या आहेत. एकाने पहिली घेतली आणि दुसरी मागतो आहे. दुसऱ्याने दुसरी घेतली आणि पहिली मागतो आहे. कितीही थांबले तरी सुटका नाही. डेटाबेस हा वेढा ओळखतो आणि एकाचं काम रद्द करतो. पोस्टग्रेएसक्यूएल एक सेकंद वाट पाहतो आणि मगच वेढा शोधायला निघतो. एसक्यूएल सर्व्हर आणि मायएसक्यूएलचं इनोडीबी साधारणपणे ज्याचं काम उलटवायला स्वस्त त्याला निवडतात. एसक्यूएल सर्व्हर तर त्याला सरळ 'व्हिक्टिम' म्हणतो, बळी. शब्द अचूक आहे. बळी म्हणजे गुन्हेगार नव्हे. तरी मी पाहते, ज्याच्या लॉगमध्ये हा संदेश येतो त्याच टीमला दुरुस्तीचं काम लावलं जातं, आणि चोपड्या उलट्या क्रमाने उचलणारा दुसरा प्रोग्राम तसाच चालू राहतो. दोघांनी एकाच क्रमाने चोपड्या घ्याव्या, एवढीच बहुतेक वेळा दुरुस्ती असते. पण ती करायला दोघांची नावं लागतात, आणि संदेशात पुष्कळदा एकाचंच असतं. दुसरं डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदींत शोधावं लागतं. ते कुठे आणि कसं, हे प्रत्येक डेटाबेससाठी पुढे सविस्तर दिलं आहे.

क्रमांकांवर विसंबू नका, हेही इथेच सांगते. १२०५ हा क्रमांक मायएसक्यूएलमध्ये लॉकची मुदत संपल्याचा आहे, तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेडलॉकचा. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावलेलं मी पाहिलं आहे. आणि चुकीनंतर काय उरतं, तेही सगळीकडे सारखं नसतं. मायएसक्यूएलमध्ये डेडलॉक, म्हणजे १२१३, आला तर पूर्ण ट्रान्झॅक्शन उलटतं. १२०५ आला तर मूळ सेटिंगप्रमाणे फक्त शेवटचं वाक्य उलटतं. ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं, आधी घेतलेले लॉक धरून. ऑरॅकलमध्ये ओआरए-०००६० आला तरी उलटतं ते एक वाक्यच, बाकीचं आपल्यालाच रोलबॅक करावं लागतं. कोडने चूक पकडली, लॉगमध्ये लिहिली आणि पुढे चालू लागला, तर कालचा बळी आज स्वतः अडवणारा होतो. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त रात्री गेल्या त्या या एका गैरसमजापायी.

पोस्टग्रेएसक्यूएलचा एक संदेश मला विशेष बोलका वाटतो. ट्रान्झॅक्शन रद्द झालेलं आहे, ते संपेपर्यंत कोणतीही आज्ञा मानली जाणार नाही, असं तो सांगतो, संकेतांक २५पी०२. लॉग उघडला की हाच संदेश दोनशे वेळा दिसतो, आणि लोक दोनशेव्या वेळी कोणती क्वेरी होती ते तपासत बसतात. त्या दोनशे क्वेऱ्यांत काहीही दोष नसतो. दोष त्यांच्याआधी एकदाच झालेला असतो, पहिल्या संदेशात. तो वरती कुठेतरी पडलेला असतो, किंवा कोणीतरी रिकाम्या कॅच ब्लॉकमध्ये गिळून टाकलेला असतो. लॉग खालून वर वाचायची आपल्याला सवय लागली आहे. ट्रान्झॅक्शनच्या चुकीत वरून खाली वाचा आणि पहिल्यापाशी थांबा.

जावावाल्यांसाठी याचंच भावंड स्प्रिंगमध्ये आहे. आतल्या मेथडने चूक फेकली, बाहेरच्याने ती पकडून सोडून दिली, आणि शेवटी कमिटच्या वेळी स्प्रिंग सांगतं की ट्रान्झॅक्शनवर फक्त-रोलबॅकचा शिक्का आधीच बसलेला आहे. संदेश बाहेरच्या मेथडच्या शेवटच्या कंसाशी येतो, जिथे एक ओळही कोड नसतो. त्याहून घातक बाजू अशी की चेक्ड एक्सेप्शन आलं तर स्प्रिंग मुळात रोलबॅक करतच नाही, कमिट करतं. वेगळं सांगितलं तरच रोलबॅक करतं. संदेश आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजणाऱ्याने ही ओळ दोनदा वाचावी.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये बिगिनच्या आत बिगिन लिहिता येतं, त्यामुळे आतलं ट्रान्झॅक्शन स्वतंत्र आहे असा भास होतो. ते स्वतंत्र नसतं. आतलं कमिट फक्त मोजणी एकने कमी करतं, आणि आतलं रोलबॅक मात्र सगळंच्या सगळं उलटवतं. मग बाहेरचं कमिट ३९०२ ही चूक देतं : कमिट करायला सांगताय, पण बिगिन कुठे आहे? लोक बिगिन शोधतात आणि ते समोर लिहिलेलं सापडतं. शोधायचं असतं रोलबॅक, दुसऱ्याच प्रोसीजरमधलं.

टूल्सविषयी थोडं जास्त लिहिते, कारण आपली पिढी डेटाबेसशी थेट बोलतच नाही, टूलमधून बोलते; आणि ट्रान्झॅक्शन कधी सुरू होतं, कधी संपतं, हे टूलने आपल्या वतीने ठरवलेलं असतं. एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओत प्रत्येक वाक्य मूळ सेटिंगला लगेच कमिट होतं. ऑरॅकलच्या एसक्यूएल प्लसमध्ये होत नाही, पण बाहेर पडताना ते आपोआप कमिट करतं. एकात चुकून डिलीट मारलं तर गेलंच. दुसऱ्यात मारलं तर रोलबॅकची संधी असते, आणि घाबरून एक्झिट लिहिलं की ती संधीही जाते. टेबलांची रचना बदलणाऱ्या मायग्रेशन टूल्सचं आणखी वेगळं. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये टेबल तयार करणंसुद्धा रोलबॅक होऊ शकतं, म्हणून फ्लायवेसारखं टूल पूर्ण फाइल एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून अर्ध्यावर चूक आली तर सगळं मागे घेऊ शकतं. मायएसक्यूएलमध्ये टेबल बदलण्याची प्रत्येक आज्ञा आधीचं सगळं गुपचूप कमिट करून टाकते. पाचव्या ओळीत चूक आली तर पहिल्या चार ओळी तशाच राहतात, आणि दुसऱ्यांदा चालवायला गेलं की 'हे टेबल आधीच आहे' असा तिसराच संदेश येतो. तो संदेशही खराच आहे, पण त्याचं कारण आदल्या खेपेत आहे. पोस्टग्रेएसक्यूएललाही अपवाद आहेतच. काम न थांबवता इंडेक्स बनवायची जी आज्ञा आहे, ती ट्रान्झॅक्शनच्या आत चालतच नाही.

आता पुस्तक कसं वाचावं ते सांगून संपवते. अमीरपेटेत मैत्रीवनमच्या आसपासच्या क्लासेसमध्ये नांदेड, लातूर, परभणीकडची शेकडो मुलं भेटतात. घरून पैसे आणून, एका खोलीत चौघं राहून, तीन-चार महिन्यांत नोकरीपुरतं शिकायचं असतं त्यांना. सिलेक्टपासून जॉइनपर्यंत ती भराभर शिकतात. पण शिकतात एकाच खिडकीत. एका खिडकीत ट्रान्झॅक्शन कधीच कळत नाही, कारण तिथे दुसरं कोणी नसतं. म्हणून या पुस्तकातला प्रत्येक प्रयोग दोन खिडक्यांचा आहे.

पहिला आत्ताच करून पाहा. मायएसक्यूएलच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. काही टूल्समध्ये दोन टॅब एकाच जोडणीवर चालतात, तिथे काहीच अडणार नाही. तेव्हा जोडण्या खरोखर वेगळ्या आहेत ना, ते दोन्हीकडे जोडणीचा क्रमांक विचारून पाहा. डावीकडे ट्रान्झॅक्शन सुरू करा आणि एका ओळीतली रक्कम बदला. कमिट करू नका. उजवीकडे त्याच ओळीची रक्कम बदलायला सांगा. कर्सर लुकलुकत राहील. घड्याळ लावा आणि पन्नास सेकंद हातही लावू नका. परभणीची ती मुलगी ज्यात दिवसभर होती ते पन्नास सेकंद हेच. १२०५ आला की त्याचा प्रत्येक शब्द वाचा. मग उजवीकडे तीच आज्ञा पुन्हा द्या, आणि या वेळी तीस मोजून झाले की डावीकडे कमिट लिहा.